वडिलांच्या कागदावरचा ‘ब्रेनस्टेम’

पत्र सोलापूरच्या पूर्व भागातून आले आहे. लिहिणारी भगिनी २६ वर्षांची असून घरात इंग्रजी वाचू शकणारी ती एकटीच आहे. तिचे वडील, वय ५४, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करत. आई विड्या वळते. घरात तेलुगू बोलली जाते आणि आईवडील दोघेही तेलुगू शाळेत जेमतेम चौथी-पाचवीपर्यंत शिकले आहेत. १९ दिवसांपूर्वी वडिलांना एकाएकी चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली; घरच्यांना ते पित्त वाटले आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आता गळ्यातील नळीतून व्हेंटिलेटर चालू आहे आणि हातपाय हलत नाहीत. गुंगीचे औषध आठवड्यापूर्वी बंद केले आहे. एमआरआयच्या कागदावर ‘बॅसिलर आर्टरी थ्रॉम्बोसिस’ आणि ‘ब्रेनस्टेम : अ‍ॅक्यूट इन्फार्क्ट, बायलॅटरल व्हेंट्रल पॉन्स’ असे लिहिले आहे, तर खाटेजवळच्या तक्त्यावर ‘ई४ व्हीटी एम१’ अशी नोंद आहे. चुलते म्हणतात, ‘ब्रेनस्टेम गेले म्हणजे ब्रेन डेडच, उगाच पैसा घालवू नका, घरी न्या.’ आईला मात्र ‘मेंदूला थोडी सूज आहे’ एवढेच सांगितले आहे. भगिनी विचारते : या शब्दांचा मराठीत नेमका अर्थ काय, आईला खरे सांगावे का, आणि चुलत्यांचे ऐकावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटच्या पानाच्या तळाशी, काहीसे संकोचूनच लिहिले आहे. ‘मी आले असे म्हटले की वडील डोळे वर नेतात, धाकटा भाऊ म्हणतो, तो माझा भास आहे.’ तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या वाक्याच्या खरेखोटेपणावर अवलंबून आहेत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. तरीही कागदावरची जागा, तक्त्यावरची नोंद आणि वर जाणारे डोळे या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक शक्यता समोर येते, आणि ती उद्या सकाळच्या राउंडला तुम्ही उच्चारलीच पाहिजे : वडील पूर्ण शुद्धीवर असतील, सगळे ऐकत असतील, आणि डोळ्यांखेरीज काहीच हलवू शकत नसतील. वैद्यकात या अवस्थेला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ म्हणतात. हे नाव फ्रेड प्लम आणि जेरोम पोझनर या अमेरिकी चेताविकारतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दिले. मराठीत ‘कुलूपबंद अवस्था’ म्हणता येईल, पण रुग्णालयात इंग्रजी नावच वापरा, म्हणजे समोरच्याला क्षणात कळेल.

आता तक्त्यावरची नोंद पाहू. ‘ई४ व्हीटी एम१’ ही ग्लासगो कोमा स्केलची खूण आहे. १९७४ मध्ये तयार झालेल्या या मोजमापात डोळे, बोलणे आणि हालचाल यांना वेगवेगळे गुण देतात. ‘ई४’ म्हणजे डोळे आपोआप उघडतात, आणि डोळ्यांसाठी याहून अधिक गुण नाहीतच. ‘व्हीटी’ म्हणजे नळी असल्यामुळे बोलणे तपासता आले नाही. ‘एम१’ म्हणजे हातपाय मुळीच हलत नाहीत. बेरीज फार कमी येते आणि ती पाहणाऱ्याला वाटते की रुग्ण खोल बेशुद्धीत आहे. परंतु ज्याच्या हातापायांकडे जाणारी वाटच तुटली आहे, त्याला ‘हात उचला’ असे सांगून त्याची शुद्ध मोजता येत नाही. गाढ कोमातील माणसाचे डोळे मिटलेले असतात, हेही इथे लक्षात ठेवावे.

तुम्ही मागितलेला मराठी अर्थ असा. ब्रेनस्टेमला परिभाषेत ‘मस्तिष्कस्तंभ’ म्हणतात. बोलताना मी ‘मेंदूचा देठ’ म्हणते, कारण वरचा मोठा मेंदू जणू त्यावर धरलेला असतो आणि खाली तो मेरुरज्जूत उतरतो. लांबी जेमतेम ७-८ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीपेक्षा फार मोठी नाही. त्याचे तीन भाग : वर मध्यमस्तिष्क, मधे पॉन्स आणि खाली मेडुला. पॉन्स म्हणजे लॅटिनमध्ये पूल. कोस्तांझो वारोलिओ या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १५७३ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि मराठीत त्याला ‘सेतू’ म्हणतात. मेडुलाला जुन्या पुस्तकांत ‘लंबमज्जा’ आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘मस्तिष्कपुच्छ’ हा शब्द आहे. (एकाच अवयवाला दोन नावे ठेवून आपण विद्यार्थ्यांचा आणि नातेवाइकांचाही गोंधळ वाढवला आहे, असे माझे जुने गाऱ्हाणे आहे.) कर्पर चेतांच्या, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या, १२ जोड्यांपैकी १० जोड्या याच देठातून निघतात आणि डोळे, चेहरा, जीभ, घसा यांना कामाला लावतात.

तुमच्या वडिलांच्या हाताखालच्या वस्तूवरून सांगते. मागावर बीमवरचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरचा, ताण्याचा प्रत्येक उभा धागा फणीतून जातो. बीम भरलेला असतो, पलीकडे कापड गुंडाळायची तयारी असते, पण फणी दोन बोटे जागेत मोडली की काम थांबते. बीमवरच्या सुताला मात्र काहीच झालेले नसते. पॉन्स ही मेंदूची फणी आहे. ‘व्हेंट्रल’ म्हणजे पोटाकडची, पुढची बाजू, आणि मोठ्या मेंदूतून हातापायांकडे, चेहऱ्याकडे, जिभेकडे जाणारे आज्ञांचे धागे याच बाजूने उतरतात. ‘बायलॅटरल’ म्हणजे डावे-उजवे दोन्हीकडचे. ‘इन्फार्क्ट’ म्हणजे रक्त न पोहोचल्यामुळे मृत झालेला भाग, आणि ‘बॅसिलर’ ही पॉन्सच्या पुढून वर चढणारी रोहिणी, जिच्यात गुठळी अडकली. माणसाला जागे ठेवणारे चेतातंतूंचे जाळे पॉन्सच्या वरच्या-मागच्या भागात आणि मध्यमस्तिष्कात असते. ते शाबूत असेल तर माणूस जागा असतो. डोळे वर-खाली नेण्याची आणि पापणी उचलण्याची व्यवस्थाही मध्यमस्तिष्कात, म्हणजे मोडलेल्या जागेच्या वर आहे. डोळे डावी-उजवीकडे फिरवण्याचे केंद्र मात्र पॉन्समध्येच आहे. म्हणून अशा रुग्णाला ‘माझ्याकडे, डावीकडे बघा’ असे सांगणारा डॉक्टर निराश होतो आणि ‘वर बघा’ असे सांगणाऱ्याला उत्तर मिळते.

तेव्हा राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना एवढेच म्हणा : ‘सर, हे लॉक्ड-इन असू शकतील का? माझ्यासमोर एकदा वर-खाली बघायला सांगून पाहाल का?’ ईईजी केला आहे का, तेही विचारा. या अवस्थेत मेंदूचा विद्युत आलेख पुष्कळदा जाग्या माणसासारखा येतो. त्याआधी तुम्ही स्वतः, परिचारिकेला सोबत घेऊन, समोर त्यांच्या नजरेच्या पातळीवर उभ्या राहा आणि ठरवा : वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. नुसत्या पापणीच्या उघडझापेवर विसंबू नका, कारण पापणी आपोआपही मिटते. मग उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असलेले आठ-दहा प्रश्न विचारा, त्यांतील निम्म्यांचे उत्तर ‘नाही’ असू द्या आणि क्रम मिसळलेला ठेवा. ‘आपले घर पुण्याला आहे का?’ ‘तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहात का?’ प्रत्येक उत्तर वेळेसह वहीत लिहा. दिवसातून दोनदा, दोन दिवस केले की तुमचा भास की त्यांचे उत्तर, हे कागदावर दिसेल. उत्तरे जुळली नाहीत तरी लगेच हार मानू नका. ताप, थकवा, औषधे यांनी रुग्ण काही तास मंद असू शकतो. आणि खरोखरच जुळली नाहीत, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण मग विचार वेगळ्या दिशेने करावा लागेल.

आता चुलत्यांविषयी. त्यांचा राग करू नका, कारण त्यांचा गोंधळ वर्तमानपत्रांनी घडवला आहे. ‘मेंदूमृत तरुणाचे अवयवदान’ अशा बातमीत ‘ब्रेनस्टेम डेथ’ हा शब्द येतो, आणि तोच ‘ब्रेनस्टेम’ तुमच्या कागदावर दिसला. पण ‘ब्रेनस्टेम’ हा नुसता पत्ता आहे. त्याच्या पुढचा किंवा मागचा शब्द काय, ते पाहावे लागते : स्ट्रोक (झटका), इन्फार्क्ट, ग्लायोमा (मेंदूतील गाठ), एन्सेफलायटिस (मेंदूचा दाह), किंवा डेथ (मृत्यू). आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभ मृत्यूची व्याख्या केली, आणि तो कायदा सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. हा मृत्यू कोणी एक डॉक्टर राउंडमध्ये सांगून टाकत नाही. त्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. डोळ्यांत उजेड टाकतात, पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कापसाचा स्पर्श करतात, कानात बर्फगार पाणी सोडतात, घशात नळी फिरवून खोकला येतो का ते पाहतात, आणि शेवटी व्हेंटिलेटरपासून वेगळे करून, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावरही छाती हलते का ते पाहतात. गुंगीचे औषध अंगात असताना ही तपासणी करताच येत नाही. सांगितल्यावर डोळे वर नेणारा माणूस या परीक्षेच्या दारातही उभा राहत नाही. चुलत्यांना हे वाद म्हणून ऐकवण्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसवून एकच प्रश्न त्यांच्याच तोंडून विचारायला लावा : ‘ब्रेनस्टेम डेथची तपासणी झाली आहे का?’ ‘नाही’ हे उत्तर त्यांनी स्वतः ऐकलेले बरे.

‘घरी न्या’ या शब्दांचाही अर्थ उलगडून पाहा. स्वतः श्वास न घेणाऱ्या माणसाला डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, घरी नेणे म्हणजे काय, हे चुलत्यांनाही ठाऊक आहे. आपण त्याला सौम्य नाव दिले आहे इतकेच. उपचार थांबवण्याचा विषय कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यासाठी मार्ग आखून दिला आणि २०२३ मध्ये तो काहीसा सोपा केला. परंतु वडील शुद्धीवर असतील तर तो निर्णय चुलत्यांचा नाही, तुमचा नाही, आईचाही नाही. तो त्यांचा आहे, आणि त्यांना विचारता येते. अर्थात असा प्रश्न आज, पहिल्या घबराटीच्या दिवसांत, विचारायचा नाही. आजार गंभीर आहे, हेही मी लपवणार नाही. पहिले काही महिने न्यूमोनियाचा धोका मोठा असतो, आणि हातापायांत परत येणारी ताकद पुष्कळांत थोडीच असते. तरी व्यायामोपचार लवकर सुरू झाले तर काहींचे डोके, एखादे बोट, कधी श्वासही स्वतःचा होतो, आणि स्थिर झालेले रुग्ण वर्षानुवर्षे जगल्याच्या नोंदी आहेत. पैशाची चणचण खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आजच विचारा.

पहिला दिवस पित्त समजण्यात गेला, याची टोचणी तुमच्या प्रत्येक पानावर आहे. त्याविषयी थोडेच लिहिते. मेंदूच्या या मागच्या भागातील झटका तोंड वाकडे, अर्धे अंग लुळे अशा ओळखीच्या रूपात पुष्कळदा येतच नाही, आणि सुरुवातीचा सीटी स्कॅनही साधा येऊ शकतो. डॉक्टरही इथे चकतात. हे वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र स्पष्ट लिहून ठेवते : एकाएकी आलेली चक्कर आणि तिच्यासोबत दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे, घास अडकणे, चालताना एका बाजूला कोसळणे, किंवा चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची दुसरी बाजू बधिर होणे, यांतील काहीही असेल तर लिंबू सरबत देऊन निजवू नये. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. बॅसिलरची गुठळी तारेने काढण्याचा उपाय काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. लक्षणे कधी सुरू झाली ते घड्याळात पाहून सांगा.

याच सदराकडे आलेल्या इतर काही पत्रांतही कागदावरचे शब्द उतरवून पाठवले आहेत, म्हणून ओघात त्यांच्याविषयी. ‘लीजन’ म्हणजे फक्त बदललेली जागा. ती गाठ असेल, सूज असेल, आपल्याकडे क्षयाची गाठही असू शकते, आणि क्षयाला औषध आहे. ‘लॅटरल मेड्युलरी’ किंवा ‘वॉलेनबर्ग सिंड्रोम’ हे १८९५ मध्ये ते वर्णन करणाऱ्या डॉक्टरचे नाव आहे. त्यात गिळायला त्रास होतो, आवाज घोगरा होतो, कधी न थांबणारी उचकी लागते, पण हातापायांची ताकद बहुधा टिकते आणि पुष्कळ रुग्ण हळूहळू चालते-बोलते होतात. ‘पॉन्टाइन मायलिनोलिसिस’ मध्ये गुठळी नसतेच. रक्तातील फार कमी झालेले सोडियम घाईने भरून काढले की चेतातंतूंवरचे वेष्टण उतरते, आणि म्हणूनच सोडियम कमी झालेल्या रुग्णाचे डॉक्टर ते ‘हळूहळू वाढवू’ म्हणतात, तेव्हा त्यांना घाई करायला लावू नये. लहान मुलाच्या कागदावर ‘पॉन्टाइन ग्लायोमा’ असेल तर मात्र तो फार कठीण आजार आहे, आणि त्याविषयी पत्रातून नव्हे, समोर बसूनच बोलावे.

आता आई. ‘खरे ऐकले तर ती कोसळेल’ असे तुम्ही लिहिता. ती रोज भेटीच्या वेळी आत जाते, मशीन पाहते, गळ्यातील भोक पाहते, आणि तुम्ही तिला ‘थोडी सूज’ सांगता. ती विश्वास ठेवते आहे असे तुम्हाला खरेच वाटते का? मला तर शंका येते की ती तुम्हाला जपण्यासाठी विश्वास ठेवल्यासारखे दाखवते आहे. शिवाय ‘सूज’ या शब्दाचे एक नुकसान आहे : सूज उतरते. ती सूज उतरण्याची वाट पाहत राहील आणि दोन आठवड्यांनी तुमच्यावरचा भरवसा उडेल. तिला तेलुगूत, तुमच्या घरच्या शब्दांत सांगा की मेंदूच्या देठाला रक्त मिळाले नाही, त्यामुळे हातपाय आणि वाचा गेली आहे, पण कान आणि समज शाबूत असेल असे वाटते आणि डॉक्टर ते तपासणार आहेत. ‘अंगावरून वारं गेलं’ हा शब्द तिला ठाऊक असेलच. तो वापरायला काहीच हरकत नाही, फक्त दोन्ही अंगांवरून गेले म्हणा.

वडिलांच्या खाटेशी काय बोलले जाते, यावर मात्र आजच बंधन घाला. फार पूर्वी एका रुग्णालयात, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून, मी एका रुग्णाच्या मुलाला म्हणाले होते, ‘यांना आता काही कळत नाही.’ काही आठवड्यांनी तो रुग्ण डोळ्यांनी उत्तरे देऊ लागला, आणि ते वाक्य ऐकले होते का, असे मुलाने विचारताच त्याची नजर वर गेली. तेव्हापासून मी असे बोलणे खोलीबाहेर जाऊन करते. चुलत्यांचे पैशाचे आणि ‘घरी नेण्याचे’ बोलणे व्हरांड्यात होऊ द्या. आणि आई सिद्धरामेश्वरांचे तीर्थ आणते असे तुम्ही लिहिले आहे. कागदावर कुठे ‘बल्बर वीकनेस’ असेल तर तो घशाविषयीचा शब्द आहे. मेडुलाला पूर्वी ‘बल्ब’ म्हणत. गिळणे तपासले जाईपर्यंत तीर्थाचा एक थेंबही जिभेवर सोडू नये, तो फुप्फुसात उतरू शकतो. कपाळाला लावावे.

‘हो-नाही’ पक्के झाले की अक्षरफलक करा, आणि तो आईच्या हाती द्या. देवनागरी आणि तेलुगू या दोन्ही लिप्यांना वर्गवारीचे वरदान आहे, आणि वडील तेलुगू शाळेत शिकले असल्याने फलक तेलुगूतच असावा. जाड पुठ्ठ्यावर सात ओळी : स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, आणि ‘य’पासून पुढची अक्षरे. आई एकेका ओळीवर बोट ठेवून ती म्हणेल. हवी ती ओळ आली की वडील वर बघतील. मग त्या ओळीतील अक्षरे एकेक. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्या. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला रोजच्या गरजा लिहा : दुखते, खाज येते, कफ काढा, कूस बदला, दिवा बंद करा. त्यांचे वाक्य तुम्ही घाईने पुरे करू नका, कारण अंदाज चुकला तर ‘नाही’ म्हणायलाही त्यांना श्रम पडतात. डोळे लवकर थकतात, म्हणून एका वेळी दहा मिनिटे पुरेत. ‘न’ आणि पाठोपाठ ‘ळ’ आला की ‘नीळ्ळु’, म्हणजे पाणी, हे आईला तुमच्याआधी कळेल. पाणी तोंडाने द्यायचे नाही. परिचारिकेला विचारून ओला बोळा ओठांवरून फिरवावा.